चूल कशावर पेटायची? एका कल्मिक घराचा रोजचा इतिहास लिहिताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका घराचं आहे. घर रशियातल्या कल्मिकिया प्रजासत्ताकात, राजधानी एलिस्तापासून काही तासांवरच्या एका खेड्यात. घरात ऐंशी पार केलेली आजी, तिचा मुलगा आणि सून. नात एलिस्तातल्या शाळेत शिकवते, सुट्टीला घरी येते. काही वर्षांपूर्वी मी या कुटुंबाच्या रोजच्या जगण्याचा इतिहास लिहायला तिथे गेले. काय शिजायचं, कोण शिजवायचं, कपडे कोण शिवायचं, आजारी पडलं तर काय करायचे, सण कसे मोजायचे, असल्या गोष्टींचा इतिहास. कुटुंबाच्या संमतीने हे लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत, आणि गावाचे, नात्यांचे काही तपशील मुद्दाम बदलले आहेत.

कल्मिक म्हणजे पश्चिम मंगोल, ओइरात. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते जुंगारियातून, म्हणजे आजच्या चीनच्या वायव्य टोकाकडून, निघून व्होल्गाच्या खालच्या खोऱ्यात, कास्पियन समुद्राच्या वायव्येकडच्या गवताळ प्रदेशात आले. धर्म तिबेटी परंपरेचा बौद्ध. १६४८ मध्ये झाया पंडित या भिक्षूने ओइरात भाषेसाठी 'तोदो बिचिग', म्हणजे 'स्पष्ट लिपी' तयार केली. १७७१ च्या जानेवारीत उबाशी खानाच्या मागोमाग बहुतेक लोक पुन्हा पूर्वेकडे निघाले आणि वाटेत प्रचंड संख्येने मेले. जे मागे राहिले त्यांचे वंशज म्हणजे आजचे कल्मिक.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती रशियात नव्हे, कर्नाटकात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या मुंडगोडला तिबेटी वसाहतीत द्रेपुंग गोमांग मठ आहे. तिथे कल्मिक तरुण भिक्षू शिकायला येतात. माझं माहेर कोल्हापूरकडचं, त्यामुळे मुंडगोड तसं हाकेच्या अंतरावर. तिथल्या एका भिक्षूने आपल्या दूरच्या नात्यातल्या शिक्षिकेचा पत्ता दिला. तीच ही नात.

मी रशियन बोलते. कल्मिक येत नव्हती, चार-सहा महिन्यांत कामापुरती शिकू असं धरून चालले होते. हे गृहीतक पुढे किती महागात पडलं ते सांगेनच.

जाण्याआधी छापील साहित्य वाचलं. ते कमी नाही. बेंजामिन बर्गमान १८०२-०३ मध्ये कल्मिकांच्या तांड्यांबरोबर हिंडला. नेबोल्सिनने १८५२ मध्ये खोशेउत उलुसातल्या (उलुस म्हणजे कल्मिकांचा प्रशासकीय विभाग) जगण्याचं वर्णन छापलं. इरोदिओन झितेत्स्कीने १८८४ ते १८८६ या काळातली आस्त्राखानच्या कल्मिकांची निरीक्षणं १८९३ मध्ये मॉस्कोत प्रसिद्ध केली. राहणं, गुरं, खाणं, पेहराव, लग्न, असं सगळं त्यात पद्धतशीर आहे. मी झितेत्स्कीच्या प्रकरणांवरून माझी प्रश्नावली बांधली. हा माझा पहिला निर्णय, आणि पुढच्या अडचणींची मुळं तिथेच आहेत.

अडचण

पहिल्या भेटीत नऊ दिवस राहिले. आजीने प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. गेर, म्हणजे भटक्यांचा गोल तंबू, कसं असतं? जाळीदार भिंती, वर नमद्याचं आच्छादन, दार दक्षिणेला. बायका काय घालायच्या? लग्न झालेली बाई 'त्सेग्देग', म्हणजे बिनबाह्यांचा लांब अंगरखा, घालायची, दोन वेण्या काळ्या मखमली 'शिवर्लिग'मध्ये, म्हणजे वेणीच्या आवरणात, घालून पुढे सोडायची. किती प्राणी पाळायचे? उंट, घोडे, गाई, मेंढ्या. उत्तरं स्वच्छ होती, क्रमवार होती, आणि मला ती सगळी आधीच ठाऊक होती. चौथ्या दिवशी लक्षात आलं की आजीची वाक्यं एलिस्तातल्या संग्रहालयातल्या पाट्यांसारखी आहेत. नातीने शाळेच्या प्रदर्शनासाठी हीच माहिती तिच्याकडून आणि पुस्तकातून गोळा केली होती. प्रदर्शनाच्या दिवशी आजी मुलांसमोर ती बोललीही होती.

मी साधा हिशोब केला नव्हता. आजी १९३० च्या दशकाच्या मध्यात जन्मली. तोवर सामूहिक शेतं आली होती, भटकंती मोडून लोकांना गावात बसवणं चालू होतं. तिचं बालपणीचं घर कच्च्या विटांचं. नमद्याचं गेर तिने पाहिलं होतं ते उन्हाळ्यात काकांच्या मेंढ्यांच्या तळावर. मी तिला तिच्या पणजीच्या आयुष्याबद्दल विचारत होते आणि ती सौजन्याने पणजीच्या वतीने उत्तर देत होती.

दुसरी अडचण याहून खोल. २७ डिसेंबर १९४३ च्या हुकुमाने कल्मिक स्वायत्त प्रजासत्ताक बरखास्त झालं. २८ आणि २९ डिसेंबरला, दोन दिवसांत, ९३,००० हून जास्त माणसांना ४६ आगगाड्यांतून सायबेरियाकडे नेलं: आल्ताय, क्रास्नोयार्स्क, ओम्स्क, नोवोसिबिर्स्क. शत्रूशी हातमिळवणीचा ठपका सबंध जमातीवर ठेवला होता, आघाडीवर लढणाऱ्या सैनिकांच्या घरच्यांसकट. पुढे त्या सैनिकांनाही आघाडीवरून काढून आणलं. त्यांतल्या पुष्कळांना उरलमधल्या शिरोकोव्स्कायाच्या जलविद्युत बांधकामावर धाडलं. १९४८ च्या हुकुमाने ही हद्दपारी 'कायमची' ठरली. नेमलेलं गाव सोडलं तर वीस वर्षं सक्तमजुरी. १९५६ मध्ये निर्बंध उठले, १९५७ मध्ये परतीची वाट खुली झाली. १९३९ च्या जनगणनेत सुमारे १,३४,००० कल्मिक होते. १९५९ मध्ये सुमारे १,०६,०००.

या तेरा वर्षांबद्दल आजीला विचारलं की ती एकच वाक्य बोलायची: "तेव्हा आम्ही सायबेरियात होतो." आणि उठून चहाला लागायची.

कागदपत्रांतही हेच खिंडार. एलिस्तातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात अठराव्या शतकातली तोदो बिचिगमधली खानांची पत्रं आहेत. १९४४ ते १९५७ या वर्षांसाठी मात्र 'कल्मिक' हे लेबलच नाही. प्रदेश आस्त्राखान, स्तालिनग्राद, रोस्तोव, स्ताव्रोपोल यांच्यात वाटून टाकलेला; एलिस्ताचं नाव बदलून स्तेप्नोय केलेलं. सायबेरियात प्रत्येक कुटुंबाची फाइल असे, पण ती पोलीस खात्याची, आणि तिच्यात हजेरी, नोकरीची जागा, शिक्षा एवढंच. जेवायला काय होतं हे कुणी लिहून ठेवत नाही. शिवाय ती फाइल बघण्याचा हक्क नातेवाइकांचा, माझा नाही.

पर्याय

मी परत आले आणि तीन वाटा मांडल्या.

पहिली: विसावं शतक सोडून द्यायचं आणि एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांच्या वर्णनांवर लिहायचं. सुरक्षित, आणि पदवीला पुरेसं. पण बर्गमान असो वा झितेत्स्की, सगळे पाहुण्याच्या जागेवर बसून घर बघत होते. त्यांच्यापुढे चहाचा वाडगा आला. तो कुणी, कधीपासून उठून, कशावर उकळला हे त्यांना फारसं दिसलं नाही. माझा प्रश्न नेमका तोच होता.

दुसरी: हद्दपारीच्या साक्षी गोळा करायच्या. हे काम कल्मिक संशोधकांनी स्वतः, आपल्या माणसांत बसून केलं आहे. मानववंशशास्त्रज्ञ एल्झा-बाइर गुचिनोवा यांनी त्या आठवणींवर अनेक वर्षं घालवली आहेत. बाहेरून आलेल्या मी आजीला पुन्हा त्या डब्यात बसवायचं, तेही ती उठून जात असताना, हे मला पटेना. नातीने तर स्पष्ट सांगितलं: "रडवणार असाल तर येऊ नका."

तिसरी वाट धूसर होती. वर्षं आणि घटना विचारायच्याच नाहीत; कामं विचारायची. हे मला सुचलं ते घरच्या उदाहरणावरून. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. बायकांना 'तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' म्हटलं की त्या म्हणतात, त्यात काय सांगायचं. जात्याच्या खुंट्याला हात लागला की सगळं येतं. कल्मिक घरात जातं नाही. पण आजी दर प्रश्नाला उठून ज्याच्याकडे जात होती ते माझ्या डोळ्यांसमोरच होतं.

मी तिसरी वाट घेतली. खात्री होती म्हणून नव्हे. पहिल्या दोन वाटांनी मला जे लिहायचं होतं ते मिळणार नाही, एवढं कळलं होतं म्हणून.

काय केलं

दुसऱ्या भेटीला डिसेंबरात गेले. प्रश्नावली बरोबर नव्हती. आजीला म्हटलं, मला तुमचा चहा शिकवा.

कल्मिक चहा, 'जोम्बा', आपल्या चहाचा चुलतभाऊसुद्धा नाही. दाबून वडी केलेला हिरवा चहा फोडून पाण्यात बराच वेळ उकळतात, दूध घालतात, मग मीठ, लोणी, आणि जायफळ. पळीने तो वर उचलून धारेने पुन्हा पातेल्यात सोडायचा, अनेकदा. त्याला 'समरख' असा वेगळा शब्द आहे. पहिला वाडगा घरातल्या बुर्खानासमोर, म्हणजे बुद्धाच्या प्रतिमेसमोर जातो. त्याला 'देज' म्हणतात. आपल्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय पानं वाढत नाहीत, तसंच. पहिल्या भेटीत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. देज ठेवण्याआधीच मी वाडग्याला ओठ लावला होता. तेव्हा आजी काही बोलली नाही. आता, शिकवताना, तिने माझा हात धरून वाडगा आधी वर ठेवायला लावला.

मी घरून जायफळ नेलं होतं. ते हातात घेऊन ती म्हणाली, "झाति." मी थबकले. जायफळ म्हणजे संस्कृत जातीफल. तोच 'जाती' तिबेटीत 'द्झाति' झाला, तिथून मंगोल भाषांत आणि कल्मिकमध्ये 'झाति'. आमच्या कोकणातल्या परसातलं फळ आणि तिच्या आईच्या बटव्यातला मसाला एकाच नावाने हाक मारला जात होता. मी तिला हे सांगितलं. तिने जायफळ हुंगलं आणि पहिल्यांदाच, न विचारता, आईबद्दल बोलली. आई एक जायफळ चिंधीत गुंडाळून ठेवायची. सणाला आणि सर्दी झाली तरच किसायची, तेही चाकूच्या टोकाने, चिमटीभर.

पण खरी गाठ सुटली ती एका साध्या प्रश्नाने, जो झितेत्स्कीवरून बांधलेल्या माझ्या प्रश्नावलीत नव्हता. मी विचारलं, "हे उकळायचं कशावर?"

"अर्गसनवर."

अर्गसन म्हणजे वाळलेलं शेण. त्या माळरानावर झाड नाही, इंधन तेच. मी म्हटलं, आमच्याकडे गोवऱ्या थापतात, भिंतीवर. तिने हाताचा पंजा उलटा करून हवेत थापल्यासारखं केलं आणि विचारलं, असं? मग दोन तास आम्ही फक्त शेणाबद्दल बोललो. गाईचं वेगळं, मेंढीचं वेगळं. मेंढ्यांच्या गोठ्यातला तुडवलेला थर फावड्याने विटांसारखा कापायचा. कुठलं लवकर पेटतं, कुठलं रात्रभर धुगधुगतं. गोळा करणं हे मुलींचं काम. पाच-सहा वर्षांची असताना ती पाठीवर टोपली घेऊन गुरांमागे जायची.

"आणि तिकडे?" मी 'सायबेरिया' म्हटलं नाही.

"तिकडे लाकूड होतं."

त्या एका वाक्यात केवढं काही आहे ते मला बसल्या जागी कळलं नाही. रात्री टिपणं लिहिताना कळलं. ज्या बायकांनी जन्मात कुऱ्हाड उचलली नव्हती, ज्यांच्या मुलखात तोडायला झाडच नव्हतं, त्यांना बर्फात जंगलतोडीवर लावलं होतं. तिची आई अर्गसनची आग ओळखायची: किती जळलंय, कधी नवा तुकडा घालायचा. ओल्या लाकडाची आग तिला येईना. पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या रशियन म्हातारीने चूल पेटवायला शिकवलं. त्याच म्हातारीने आधी दार लावून घेतलं होतं, कारण गावात अफवा होती की नरभक्षक येताहेत.

तिथून पुढे आजी बोलत गेली, पण तिच्या क्रमाने. चुलीवरून शेगडीवर, शेगडीवरून पातेल्यावर, पातेल्यावरून पाल्यावर: चहाची वडी नव्हती तेव्हा रानातला कुठला पाला उकळला, दूध नसताना मीठ घालायचं की नाही यावरून आई आणि काकू कशा भांडल्या. शिलाई मशीनवरून आठवणींची एक सबंध ओळ आली. सैनिकांनी सामान बांधायला थोडा वेळ दिला होता, त्यातल्या एकाने आईला सांगितलं, मशीन घे. त्या मशीनवर आईने गावातल्या बायकांचे कपडे शिवले आणि बटाटे आणले. मशीनने जगवलं ही गोष्ट अनेक कल्मिक घरांत सांगतात. या घरात मशीन अजून आहे, खिडकीखाली, वर भरतकामाचं कापड घालून.

याच भेटीत मी तीन ठिकाणी घसरले किंवा घसरता घसरता वाचले. ती ठिकाणं नीट सांगते, कारण अशा कामाला निघालेल्यांना ती उपयोगी पडतील.

एक, वय. आजी म्हणाली की गाडीत बसली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. कागदपत्रांवरून आठ होतात. मी टिपणात 'स्मृतिदोष' असं लिहिलं. चूक माझी होती. कल्मिक माणूस झुलला एक वर्षाने मोठा होतो. झुल म्हणजे हिवाळ्यातला दिव्यांचा सण, तिबेटी बौद्ध आचार्य त्सोंगखापा यांच्या स्मरणाचा. घरात प्रत्येकासाठी वाती मोजून दिवा लावतात. जन्माआधीचा काळही वयात धरतात. आजी 'त्रेचाळीस साल' कधी म्हणायची नाही, म्हणायची, "त्या झुलनंतर." दिवे नुकतेच झाले होते, ती नुकतीच नऊची झाली होती, आणि मग सैनिक आले. तिचा हिशोब चोख होता. मला माझा सगळा कालक्रम पुन्हा मांडावा लागला.

दोन, नाव. वंशावळ काढताना सासऱ्यांचं नाव विचारलं तर आजी गप्प. मग एक शब्द म्हणाली, मी तो नाव म्हणून लिहून घेतला. महिनाभराने नातीने तक्ता पाहिला आणि म्हणाली, हे नाव नाहीच. कल्मिक सून सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं उच्चारत नाही. त्या नावासारखा ऐकू येणारा रोजचा शब्दसुद्धा टाळते आणि त्याजागी दुसरा वापरते. मी ज्या गावात वाढले तिथे बायका नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेतात. मला हे आधी सुचायला हवं होतं. पण यातून एक गोष्ट हाती लागली: आजी काही साध्या वस्तूंना भलत्याच शब्दांनी का हाक मारते याचं जे कोडं होतं ते सुटलं. घरच्या भाषेत सासऱ्याचं नाव पोकळीच्या रूपात शिल्लक होतं, तो माणूस जाऊन पन्नास वर्षं झाली तरी.

तीन, २८ डिसेंबर. मुलाखतीसाठी मी तोच दिवस ठरवू पाहत होते. हद्दपारीचा स्मरणदिन, आठवणी जाग्या असतील, असा माझा विचार. नातीने ठाम नकार दिला. त्या दिवशी घरोघरी पहाटे दिवे लागतात. एलिस्तात लोक एर्न्स्त नेइझ्वेस्त्नी यांनी घडवलेल्या 'निर्गमन आणि परतणं' या १९९६ सालच्या स्मारकापाशी जमतात. "तो दिवस आमचा आहे," ती म्हणाली. मी त्या दिवशी रेकॉर्डर बॅगेतून काढला नाही. आजीच्या शेजारी बसले, दिवा लावताना काडी पुढे केली, बाकी काही नाही. मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, संपूर्ण कामातला सगळ्यात योग्य निर्णय तोच, आणि तो माझा नव्हता.

काय हाती आलं

तिसऱ्या भेटीनंतर, एप्रिलात, माळावर रानटी ट्युलिप फुलले असताना, लेखनाचा आराखडा तयार झाला. तो तीन चुलींवर उभा राहिला. पहिली, कच्च्या विटांच्या घरातली अर्गसनची. दुसरी, सायबेरियातली लाकडाची, आधी बराकीतली सामायिक लोखंडी शेगडी, मग स्वतःची. तिसरी, परतल्यानंतरची. परतलेल्यांना जुनं घर मिळालं नाही. तिथे दुसरेच लोक राहत होते. एक हिवाळा जमिनीत खणलेल्या अर्ध्या घरात काढला, आणि त्या हिवाळ्यात तिच्या आईने, आता म्हातारी झालेली, पहिलं काम केलं ते अर्गसन गोळा करायचं. शेजाऱ्यांकडे रॉकेलचा स्टोव्ह होता. तिला तो नको होता.

चहाचाही इतिहास याच तीन चुलींवर बसला. आणि एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. आज ज्याला घरात 'जुनी रीत' म्हणतात, तिचा बराचसा भाग १९५७ नंतर पुन्हा जुळवलेला आहे. सायबेरियात जन्मलेल्या, रशियन शाळेत शिकलेल्या मुलांना शिकवायला म्हणून आजीच्या पिढीने आठवणीतून, शेजाऱ्यांना विचारून, कधी पुस्तकातून रीती गोळा केल्या. बोर्त्सोग, म्हणजे सणाचं तळलेलं पीठ, त्याच्या आकारांची नावं आजीला आईकडून अर्धीच मिळाली होती. उरलेली तिने परतल्यावर दुसऱ्या खोतनमधल्या, म्हणजे वस्तीतल्या, म्हातारीकडून घेतली. म्हणजे पहिल्या भेटीत संग्रहालयाच्या पाटीसारखी वाटलेली ती उत्तरंसुद्धा पोकळ नव्हती. ती तिने कष्टाने मिळवलेली होती. मी ती उडवून लावली होती. लेखनात त्यांना स्वतंत्र प्रकरण द्यावं लागलं.

सगळं मात्र छापता आलं नाही. एका दुपारी आजीने आईबद्दल एक हकीकत सांगितली, जी नातीलाही ठाऊक नव्हती. ध्वनिमुद्रण चालू होतं, संमतिपत्रावर सही होती. संध्याकाळी मुलाने मला अंगणात बोलावलं आणि सांगितलं की हे बाहेर जायला नको. नातीचं मत उलट: हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर कोण लिहिणार? आजी म्हणाली, "तुम्ही ठरवा, मी सांगून मोकळी झाले." दोन दिवस घरात ताण होता. माझ्यापुढे तीन शक्यता होत्या: सहीचा आधार घेऊन छापणं, तपशील बदलून छापणं, किंवा सोडून देणं. तपशील बदलण्याची वाट मोहाची होती, पण एवढ्याशा गावात ते कोणाचं हे दुसऱ्या दिवशी कळलं असतं. मी ती हकीकत काढली. ती काय होती ते इथेही लिहीत नाही. त्यामुळे दुसऱ्या चुलीच्या प्रकरणात दोन वर्षांची फट राहिली आहे, आणि परीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं. मी फट तशीच ठेवली, आणि ती कुटुंबाच्या इच्छेने आहे असं तिथेच नोंदवलं.

पुन्हा करायचं झालं तर

भाषा आधी. आजी नातीशी कल्मिकमध्ये बोलायची, माझ्याशी रशियनमध्ये, आणि माझी टिपणं मराठीत. चुलीजवळचं सगळं कल्मिकमध्ये घडत होतं. समरख, देज, अर्गसन, झाति: ज्या शब्दांनी दारं उघडली ते सगळे मी तिथे जाऊन, उशिरा, चुकत शिकले. कल्मिक भाषा तोदो बिचिगमधून १९२४ मध्ये सिरिलिक म्हणजे रशियन लिपीत, १९३० मध्ये रोमनमध्ये, १९३८ मध्ये पुन्हा सिरिलिकमध्ये गेली. आजीच्या वडिलांचं एक जुनं पत्र घरच्या पेटीत आहे आणि ते घरातल्या कुणालाच वाचता येत नाही. मी निदान तोदो बिचिगची अक्षरओळख करून गेले असते तर ते पत्र पहिल्याच भेटीत पेटीतून बाहेर आलं असतं. ते बाहेर आलं शेवटच्या दिवशी.

प्रश्नावली टाकून द्यायला मी सहा महिने घेतले. झितेत्स्की वाचणं आवश्यकच होतं, पण १८८० च्या दशकातल्या नोंदींच्या रकान्यांत १९३० च्या दशकातलं मूल बसवायचं नव्हतं. आता मी कुठल्याही घरात गेले तरी आधी जन्मसाल आणि तेव्हाच्या घराची भिंत कशाची होती हे विचारते, आणि लगेच, चूल कशावर पेटायची.

संमतीही वेगळ्या तऱ्हेने घेईन. सही एकाची आणि आठवण घराची, हा पेच मला आधी दिसायला हवा होता. दर मुलाखतीनंतर त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर मुद्रण ऐकवलं असतं, तर अंगणातलं ते बोलणं कदाचित चहाच्या पातेल्याभोवती झालं असतं. तरी निकाल तोच लागला असता असं मला वाटतं. मुलगा आपल्या आजीची, म्हणजे जिच्याबद्दल ती हकीकत होती तिची, बाजू धरून होता, आणि त्यात मला चूक दिसत नाही.

पुरुषांना मी फार कमी विचारलं. अर्गसन मुली गोळा करायच्या हे कळलं, पण मेंढवाड्यातला थर कापणारे कोण, गाडीवर लादणारे कोण, हे राहून गेलं. आजीचा मुलगा सायबेरियात जन्मला. त्याच्या बालपणाच्या चुलीचं वर्णन माझ्याकडे फक्त आजीच्या तोंडून आहे.

निघायच्या दिवशी आजीने चहा केला, देज वर ठेवला आणि योरेल म्हटलं. योरेल म्हणजे वडीलधाऱ्याने मोठ्याने म्हणायचा आशीर्वाद. तो रचून, लयीत म्हणतात. त्याच्या शेवटी 'त्सगान खालग' होतं, पांढरी वाट लाभो. मग तिने एक कल्मिक म्हण सांगितली: चहा पातळ असला तरी अन्नातलं पहिलं तेच, कागद पातळ असला तरी विद्येचं वाहन तेच. नातीने भाषांतर केलं. आजी हसली आणि माझ्या वह्यांकडे हात करून विचारलं की आता यांतल्या किती तिला परत मिळणार.

सगळ्या ध्वनिमुद्रणांची प्रत घरी दिली आहे. काढलेल्या हकीकतीची एकमेव प्रत आजीच्या पेटीत, पत्राशेजारी आहे, माझ्याकडची पुसली. ते पत्र एलिस्तातल्या तोदो बिचिगच्या एका जाणकाराला दाखवायचं नातीने ठरवलं आहे. वाचून झालं की मला काय सांगायचं आणि काय नाही, ते घर ठरवेल.